वेष्टनावरचे आणि वेष्टनातले

जैन घरात किराणा आला की तो फडताळात जाण्याआधी एक छोटी तपासणी होते. पाकीट उलटे केले जाते. बिस्किटात अंडे नाही ना, चीजमधले रेनेट कशापासूनचे, औषधाच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे तर नाही, फरसाणात लसूण घातली आहे का, याची विचारणा होते. अक्षरे बारीक असली की आजी चष्मा पुसत नातवंडाला हाक मारते आणि ते मूल घटकांची यादी मोठ्याने वाचून दाखवते. चातुर्मासात ही छाननी आणखी कडक होते. वेष्टन वाचण्याची अशी सवय दुसऱ्या कुठल्या समाजात इतकी रुजलेली क्वचितच आढळेल.

या वाचनात एका चिन्हावर मात्र फार भरवसा टाकला जातो. ते चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. तो दिसला की निम्मी काळजी मिटते. पण हाच ठिपका पानमसाल्याच्या पुडीवरही असतो. पानमसाला कायद्याच्या दृष्टीने खाद्यपदार्थ आहे आणि त्यात प्राणिजन्य काही नाही, एवढेच तो ठिपका सांगतो. आतला पदार्थ निर्व्यसनी आहे किंवा निर्धोक आहे, असे तो सांगत नाही. सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या गटात घातले, आणि तेही तंबाखूची जोड नसताना. ‘तंबाखू ० टक्के’ असे छापलेली पुडी कदाचित अक्षरशः खरे बोलत असेल, तरी ती पुरे खरे बोलत नाही. बिहार शासनाने २०१९ मध्ये अनेक नाममुद्रांचा पानमसाला बंद केला, तो तंबाखूमुळे नव्हे. नमुन्यांत मॅग्नेशियम कार्बोनेट सापडले म्हणून.

वेष्टनावर एक आणि आत दुसरे, हा प्रकार चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत विशेष लक्ष देऊन पाहावा असा आहे. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. पुढे व्यसनाच्या प्रश्नावर दोघांनीही वेगवेगळ्या वेळी मोठी पावले टाकली. गडचिरोलीत लोकांच्या मागणीवरून १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात स्त्रियांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या, तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी असावी की नसावी, हा वाद येथे उकरून काढायचा नाही. ज्या बाईच्या घरातला पगार शनिवारी संध्याकाळी भट्टीवर संपतो, तिने बंदी मागितली यात तिचे काय चुकले, असे मात्र जाता जाता विचारता येते. प्रश्न निराळा आहे. जिथे नशेला उघड दार मिळत नाही, मग ते कायद्याने बंद झालेले असो की लाजेने, तिथे ती नाव बदलून येते. कधी औषध म्हणून येते, कधी मुखवास म्हणून, कधी हात धुण्याचे द्रव म्हणून. आता तर ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, छापील पत्त्यासह, घरपोच येऊ लागली आहे.

भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथ तीर्थाला यवतमाळकडून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर वणी लागते. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. या वणीत २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत दारूची दुकाने बंद असताना, सात जण सॅनिटायझर प्यायल्याने मरण पावले. मरणारे मोलमजुरी करणारे होते. त्याआधीच्या वर्षी, जुलै २०२० च्या अखेरीस, आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडू येथे याच कारणाने दहाहून अधिक माणसे गेली होती. वणीनंतर दोन आठवड्यांच्या आत छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात किमान आठ जण दगावले. त्यांनी ‘ड्रोसेरा ३०’ हे होमिओपॅथीचे औषध दारूच्या जागी घेतले होते. त्या औषधात ९१ टक्के अल्कोहोल असल्याचे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले.

या तीन ठिकाणी बाटलीवर काय लिहिले होते ते निदान ठाऊक होते. बाटली हातांसाठी होती किंवा थेंबाथेंबाने घेण्यासाठी होती. चौथी घटना अधिक अस्वस्थ करणारी आहे आणि ती गुजरातमधली, म्हणजे गडचिरोलीसारख्याच दारूबंदीच्या प्रदेशातली आहे. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या शेवटी खेडा जिल्ह्यातल्या नडियादजवळच्या गावांत किमान पाच माणसे दोन दिवसांत मेली. त्यांनी दारू प्यायली नव्हती. बिलोदरा गावातल्या एका दुकानातून ‘आयुर्वेदिक’ सिरप घेतले होते. बाटलीवर ‘काळमेघासव’ आणि ‘आसव-अरिष्ट’ अशी नावे होती. एका माणसाच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा त्यात मिथाइल अल्कोहोल आढळले.

आसव आणि अरिष्ट ही आयुर्वेदातली जुनी, मान्य कल्पना आहे. वनस्पतींचा काढा आंबवला की त्यात थोडे मद्यार्क आपोआप तयार होते आणि औषधी गुण टिकून राहतात. अनेक व्रतस्थ कुटुंबे याच कारणाने ती औषधे टाळतात किंवा वैद्याला विचारून घेतात. परंतु बिलोदऱ्याच्या बाटलीत जे होते ते आंबवण्यातून येणारे मद्यार्क नव्हते. मिथाइल अल्कोहोल हे कारखान्यात लागणारे द्रावक आहे. रंगाने आणि वासाने ते पिण्याच्या अल्कोहोलहून सहज ओळखू येत नाही. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. घातक गोष्ट अशी की पहिले बारा ते चोवीस तास माणूस केवळ झिंगल्यासारखा दिसतो. घरचे म्हणतात, झोपू द्या, उतरेल. नंतर डोळ्यांपुढे धुके येते, पोटात कळा येतात, श्वास वाढतो. तोवर हातातला वेळ बराच गेलेला असतो. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली, ती याच द्रव्याने.

आता हा प्रसंग भामरागडमध्ये घडला तर काय होईल, याचा हिशेब मांडून पाहावा. भामरागड ते गडचिरोली हे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहू लागले की गावाचा संपर्कच तुटतो. मिथाइल अल्कोहोलच्या विषबाधेवर उतारा आहे, डायलिसिसने ते रक्तातून काढताही येते, पण त्यासाठी तशी सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते आणि तिथल्या डॉक्टरांना पोटात काय गेले आहे ते समजावे लागते. नातेवाईक बाटलीवरचे नाव सांगणार, ‘काळमेघासव’. डॉक्टर त्या नावावर विश्वास ठेवतील तर उपचार चुकीच्या दिशेने जाईल. खोट्या लेबलाचा दुसरा बळी असा रुग्णालयाच्या दारात पडतो.

हे खोक्यातून घरपोच येण्याचे प्रकरण मुळात परदेशातले. युरोपातल्या दुकानांत आणि संकेतस्थळांवर २००५ नंतर ‘स्पाइस’ नावाची सुगंधी वनस्पतींची पुडी विकली जाऊ लागली. धूप म्हणून जाळा, असे वर लिहिलेले असे. लोक ती ओढत आणि त्यांना गांजासारखी नशा येई. वनस्पतींत तर तसे काही नव्हते. २००८ च्या डिसेंबरात जर्मनीत तपासणी झाली तेव्हा कळले की सुक्या पानांवर प्रयोगशाळेत बनवलेले एक रसायन फवारलेले होते. वेष्टनावर त्याचा उल्लेखही नव्हता. पाठोपाठ मेफेड्रोन आले. त्याच्या पुड्यांवर ‘झाडांचे खत’, ‘स्नानाचे क्षार’, ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे छापलेले असे. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, आणि कायद्याला दाखवायला तेवढे ते वाक्य. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये मेफेड्रोनवर बंदी घातली. लगेच ‘एनआरजी-१’ नावाने ‘नवे आणि कायदेशीर’ चूर्ण संकेतस्थळांवर आले. रसायनशास्त्रज्ञांनी ते विकत घेऊन तपासले, तेव्हा बहुतेक पुड्यांत नुकतीच बंदी आलेली जुनीच द्रव्ये निघाली. म्हणजे कायदा पाळतो आहोत अशा समजुतीने तरुण मुले बंदी असलेला माल घेत होती, आणि तोही किती तीव्रतेचा याचा पत्ता नसताना. ‘कायदेशीर नशा’ हा शब्दप्रयोग विक्रेत्यांच्या सोयीचा होता. ‘कायदेशीर’चा अर्थ ‘अजून कायद्याच्या यादीत नाही’ एवढाच होता, ग्राहकाने मात्र तो ‘सुरक्षित’ असा लावला.

भारतात मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले ते फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोपर्यंत मुंबईच्या महाविद्यालयांभोवती ‘म्याव म्याव’ या लाडिक नावाने ते फिरत होते. आज वर्तमानपत्रांत ‘एमडी’ म्हणून जे छापून येते, ते हेच. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला आणि तिथे हेच द्रव्य मोठ्या साठ्याने मिळाले. पाटीवर नाव मात्र औषधी रसायनांचे होते.

आपल्याकडच्या ऑनलाइन विक्रीचे उदाहरणही जुने झालेले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या भिंड पोलिसांनी वीस किलो गांजा पकडला. तो एका नामांकित विक्री संकेतस्थळावरून ‘स्टीव्हियाची सुकी पाने’ या नावाने विकला जात असल्याचे आणि विशाखापट्टणमहून पाठवला जात असल्याचे पोलिसांनी सांगितले. अशा रीतीने सुमारे हजार किलो माल गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. स्टीव्हिया म्हणजे मधुमेही माणसे साखरेऐवजी वापरतात ती गोड पाने. अनेक घरांत ती आवर्जून मागवली जातात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनात मोह, हिरडा, बेहडा, चारोळी, मध असे कितीतरी वनोपज आहे आणि ‘जंगलातले, नैसर्गिक, शुद्ध’ या तीन शब्दांना शहरात चांगला भाव येतो. सुकलेले पान, कुटलेली साल किंवा चूर्ण यांची ओळख वेष्टनावरूनच पटते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत वेष्टनाचे खोटेपण सर्वांत सोपे असते.

‘आयुर्वेदिक’ हा शब्दही असाच. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत ‘ई-१’ नावाची एक अनुसूची आहे. आयुर्वेदात वापरली जाणारी विषारी द्रव्ये तीत नोंदवली आहेत. अफू, भांग, धोतरा, बचनाग ही त्यांतली काही. यांपैकी काही असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे सक्तीचे आहे. ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत असावी लागते. आयुर्वेदिक औषध विकण्यासाठी दुकानदाराला वेगळा विक्री परवाना लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. ‘कामिनी विद्रावण रस’ या अफूयुक्त औषधाच्या गोळ्या ऑस्ट्रेलियात तेथील भारतीय कामगारांपर्यंत शक्तिवर्धक म्हणून पोहोचल्या. ज्यांनी आयुष्यात अफूला हात लावला नव्हता, अशा माणसांना अफूची सवय लागून ती व्यसनमुक्ती केंद्रात आली. तिथल्या औषध नियंत्रकांना याविषयी जाहीर इशारे द्यावे लागले.

आणि ही सूचना वाचणार कोण? गडचिरोली जिल्ह्यात गोंडी आणि माडिया बोलणारी घरे आहेत, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, कोरचीकडे छत्तीसगडी आहे, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली आहे, आणि सर्वत्र मराठी आहे. औषधाच्या बाटलीवर यांतले काहीच नसते. आजीला वाचून दाखवणारे नातवंड ज्या घरात नाही, त्या घरात वेष्टन म्हणजे फक्त चित्र. पानांचे चित्र दिसले की औषध, फळाचे दिसले की सरबत. सिरोंचाच्या नदीपलीकडे तेलंगणात तर वेष्टनच नसलेला प्रकार घडला. ताडी म्हणून जे विकले जात होते, त्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी गुंगीची द्रव्ये मिसळलेली सापडत होती. २०१५ च्या सप्टेंबरात शासनाने ही भेसळ रोखली, तेव्हा ताडी पिणारी माणसे हातपाय थरथरत, भ्रमिष्टासारखी रुग्णालयांत येऊ लागली. आपण ताडी पितो एवढेच त्यांना ठाऊक होते. गोळ्यांचे व्यसन लागल्याचे त्यांना भेसळ थांबल्यावर समजले.

इतके दूर जाण्याचे कारणही नाही. चंद्रपुरातला कोणताही पानठेला पाहावा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा बनतो, आणि चहाइतक्या सहजपणे तो पाहुण्यापुढे केला जातो. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा व पानमसाल्यावर बंदी आहे. पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही आली. बंदीला वळसा कसा घातला गेला, हे पाहण्यासारखे आहे. अन्नपदार्थात तंबाखू घालता येत नाही, म्हणून एका पुडीत पानमसाला आणि दुसऱ्या पुडीत तंबाखू अशी जोडी विकायला आली. प्रत्येक पुडी स्वतःपुरती सत्य, एकत्र झाल्यावर गुटखा. गडचिरोलीत २०१६ पासून शासन, ‘सर्च’ ही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ चालवले. त्यात दारूच्या बरोबरीने तंबाखू-खर्रा धरावा लागला, याचे कारण शाळकरी मुलाच्या खिशातही खर्रा सापडतो. आईला विचारले तर ती म्हणते, व्यसन कसले, सुपारी खातो.

येथे आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे, आणि ती थोडी अप्रिय आहे. वरोरा, वडसा, मूल, चंद्रपूर या गावांतला किराणा, औषधे आणि ठोक व्यापार ज्या हातांत आहे, त्यांत आपल्या समाजाचेही हात आहेत. आपली मुले आता संकेतस्थळांवर विक्रेते म्हणून नोंदणी करून माल पाठवू लागली आहेत. त्यांचे कौतुकच आहे. पण माल कोणाचा, कोणत्या कारखान्याचा, परवाना क्रमांक खरा की नुसता छापलेला, हे न पाहता केवळ नफ्याचे प्रमाण पाहून ‘हर्बल’ चूर्णे, ‘शक्तिवर्धक’ गोळ्या किंवा जोडीच्या पुड्या ठेवल्या जात असतील, तर मद्यत्यागाचे व्रत घरात पाळून ते दुकानात मोडल्यासारखे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, खोटी वजनेमापे वापरणे, आणि पाचवा ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे खऱ्याच्या भावाने विकणे. शास्त्रकारांनी भेसळ ही चोरीच्या खात्यात घातली, खोटे बोलण्याच्या नव्हे. व्यापाऱ्याला हा भेद पटकन समजावा. वेष्टन ही एक वचनचिठ्ठी आहे. त्यावरचे नाव वाचून ग्राहक पैसे देतो, आणि आत दुसरेच निघाले तर त्याचे पैसे आणि प्रकृती दोन्ही त्याच्या संमतीशिवाय घेतलेली असतात.

ग्राहकाच्या बाजूनेही काही मार्ग आहेत. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव व पत्ता आणि आयात मालाचा मूळ देश संकेतस्थळावर दाखवणे बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असाही नियम आहे. विक्रेत्याचा पत्ता सापडत नसेल तर माल घेऊ नये, इतकी साधी कसोटी पुरेशी आहे. ‘झोप येते’, ‘ताण जातो’, ‘लगेच गुण’ असे सांगणाऱ्या आणि घटकांच्या जागी ‘गुप्त वनौषधी’ लिहिणाऱ्या बाटलीबद्दल अधिक बोलायला नको. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या नावाने ‘धूप’ किंवा ‘चहा’ची पुडी वारंवार येत असेल तर रागावण्याआधी ती पुडी नीट पाहावी आणि मुलाशी बोलावे. रागावलेल्या घरात मूल पुढची पुडी मित्राच्या पत्त्यावर मागवते. सवय लागलेली असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. बोलण्याचे पैसे पडत नाहीत आणि रागावणारे कोणी नसते.

काही पोटात गेले आणि माणूस विचित्र वागू लागला, डोळ्यांपुढे अंधुक दिसते म्हणू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तो डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. रुग्णासोबत बाटली, पुडी, खोके आणि शक्य असेल तर मागणीची नोंद असलेला मोबाइल न्यावा. डॉक्टरांना वेष्टनावरचे नाव सांगावे, पण आत तेच असेल असे गृहीत धरू नका, हेही सांगावे. तळाशी उरलेले चार थेंब प्रयोगशाळेला पुरतात. रिकामी बाटली धुऊन उन्हात वाळवून ठेवण्याची आपल्या घरांतली सवय चांगली आहे. तेवढी एक बाटली मात्र धुऊ नये.